कूस बदलताना

खाप्याला आमच्या घरी हातमाग होता, तेव्हाची एक सुती साडी आईने ट्रंकेत जपून ठेवली होती. तिचा असा उपयोग होईल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पक्षाघाताने आईची उजवी बाजू गेली. नागपूरहून तिला घरी आणलं आणि आठव्या दिवशी माकडहाडाजवळ लाल डाग दिसला. इस्पितळातून निघताना गोळ्यांच्या वेळा आम्हाला दोनदा समजावल्या होत्या. माणूस हलवायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओळखीतल्या एक निवृत्त सिस्टर सावनेरहून आल्या. त्यांनी डाग बोटाने दाबला. बोट उचललं तरी लाली तशीच. वहिनी तिथे रोज पावडर लावून चोळत होती.

"चोळू नका. आतलं दुखावलेलं मास आणखी दुखावते. आम्हीही पहिले स्पिरिट-पावडर चोळत होतो. आता ते सोडलं."

आपलीच जुनी रीत इतक्या सहज मोडीत काढणारे शिक्षक मला फारसे भेटलेले नाहीत.

मग त्यांनी ती साडी मागितली. चौपदरी करून आईच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घातली. दोघांनी दोन बाजू धरायच्या, उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी सोलवटते. लुळा हात धरून तर कधीच उचलायचं नाही, खांद्याला इजा होते. दर दोन तासांनी कूस, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून अधांतरी. हे त्यांनी एकदाच करून दाखवलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"आता तुम्ही करा, भाऊ."

"वहिनी करते ना," मी म्हणालो.

"अन् वहिनी आजारी पडल्या तर?"

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. जन्मभर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई ती. मुलाने कूस बदलावी, हे तिला कसं सोसावं? सिस्टरांनी तिच्या अंगावर चादर टाकली. "आधी आईले सांगा, डावीकडे वळवतो म्हणून. त्यांना सारं समजते." मी सांगितलं. आईचा डावा हात हळूच पुढे आला आणि त्याने साडीचा काठ धरला.

भरवणं मला येतं, असं मला वाटत होतं. मी आडवं ठेवूनच भरवत होतो. म्हणून ठसका लागत होता. नीट बसवायचं, लहान चमचा, चांगल्या बाजूने घास, गालात शिते राहिली का ते पाहायचं, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. पातळ पाण्याचाच ठसका जास्त, हे तर ऐकून नवल वाटलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, तेही मुख्यतः घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांना त्यातून सूट का मिळाली, कोण जाणे!

अर्थात शिकून घेतलं म्हणजे गेलेली बाजू परत येते, असं नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या पक्षाघाताच्या १२५० रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना व्यायाम करवून घ्यायला शिकवलं, तरी सहा महिन्यांनी रुग्णांच्या परावलंबनात फरक दिसला नाही. सिस्टरांनीही आईला चालवण्याचं वचन दिलं नाही. जखम होऊ द्यायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता तिघांच्या पाळ्या लिहिल्या आहेत. दादाची रात्री दहाची नि बाराची, माझ्या सुटीच्या दिवशी दोनची माझी, पहाटेची वहिनीची. डाग फिकट झाला. परवा दोनचा गजर वाजायच्या आत मी उठलो, तर आईने डावा गुडघा आधीच वर घेतला होता.