वसईतील पोर्तुगीज राजसत्तेचा शेवट : स्वारी की राज्यक्रांती ?

‘राज्यक्रांती’ हा शब्द मराठी इतिहासलेखनात पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. किल्ल्यावरील निशाण बदलले की राज्यक्रांती झाली, असे लिहिण्याचा प्रघात पडून गेला आहे. वास्तविक राजसत्ता उलथणे ही एक गोष्ट आणि ती प्रजेने उलथणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर किती असते हे पाहण्यास १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेइतके सोयीचे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती. या प्रांतातील गावे राजाच्या नावाने ठरावीक खंडावर पोर्तुगीज कुलीनांना लावून दिलेली असत. चर्चच्या संघांकडेही मोठ्या जमिनी होत्या. कसणारा कुणबी, आगरी वा कोळी आणि लिस्बनचा राजा यांच्यामध्ये अशा रीतीने एक परका भूस्वामिवर्ग उभा होता. गोव्यास १५६० मध्ये धर्मसमीक्षण संस्था स्थापन झाल्यावर हिंदूंच्या उघड धर्माचरणावरही बंधने आली. जमीन आणि धर्म या दोन्ही बाजूंनी राजसत्ता घरात शिरली, हे येथील असंतोषाचे मूळ होय.

या असंतोषाला वाचा फोडणारे पुरुष बाहेरचे नव्हते. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, ही मंडळी याच मुलखातील वतनदार होती. त्यांनी पुण्याशी दीर्घकाळ संधान बांधले, आणि मराठी फौज साष्टीत उतरली तेव्हा वाटा दाखविण्यास व खाडीचे उतार सांगण्यास स्थानिक माणसे पुढे आली. १७३७ च्या मार्चअखेर ठाणे पडले. तेथील किल्ल्याचे बांधकाम त्या वेळी अपुरेच होते. वसईवरचा पहिला प्रयत्न मात्र फसला. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर व अशेरी ही ठाणी घेतली आणि मग वसईस मोर्चे लावले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव कामास आले. वसईच्या तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडविण्यात आले. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला आणि त्यानंतर आठवड्याभरात पोर्तुगीज शिबंदी मानाने बाहेर पडली.

आता प्रश्न असा की, हा प्रजेचा उठाव म्हणावयाचा काय ? पुढाकार स्थानिकांचा होता, यात शंका नाही. परंतु तो वतनदारांचा पुढाकार होता. मोहिमेचे शस्त्रबळ, द्रव्य आणि अंतिम निर्णय पुण्याकडे राहिले, व विजयानंतर वसईचे नाव बाजीपूर ठेवण्यात आले. नावावरूनच धनी कोण हे कळते. वि. का. राजवाडे यांनी याच भूभागाची ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तर कोकणात एकामागून एक राजे आले नि गेले, तरी सामान्य लोक त्याविषयी उदासीन का राहिले, हा प्रश्न त्यांनी तिच्या विस्तृत प्रस्तावनेत उभा केला आहे. अन्नाची सुलभता हे त्यांचे उत्तर. ते सर्वस्वी पटण्याजोगे नाही. कारण १७३७ मध्ये उदासीनता मोडलेली दिसते, आणि अन्न काही त्या वर्षी दुर्मिळ झालेले नव्हते. राजवाड्यांचा प्रश्न मात्र उत्तरापेक्षा मोलाचा आहे.

याहून अवघड मुद्दा वसईच्या ख्रिस्ती रयतेचा आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची एक शाखा हिंदू व दुसरी ख्रिस्ती, आणि घरात बोलली जाणारी बोली मात्र जवळजवळ एकच. पुण्यास गेलेल्या निमंत्रणात या ख्रिस्ती रयतेचा आवाज नव्हता. तथापि ‘प्रजा’ या शब्दातून तिला वगळण्याचा अधिकार अभ्यासकास नाही. तीही तोच खंड भरीत होती. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य मान्य करण्यात आले, हे चिमाजी अप्पांच्या राजनीतीचे लक्षण होय. युरोपीय पाद्री निघून गेले, एतद्देशीय पाद्र्यांनी चर्चे सांभाळली. मोहिमेच्या वर्णनात भीमाशंकरास नेलेल्या घंटेचा उल्लेख आवर्जून येतो. या पाद्र्यांचा क्वचितच येतो.

सार्वभौमत्व कोठे गेले, हीच अशा प्रसंगांची खरी कसोटी. १७३९ मध्ये ते एका राजाकडून दुसऱ्या राजसत्तेकडे गेले. रयत रयतच राहिली. म्हणून तर ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावास इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकता आले. त्याने कोणास विचारण्याचे कारण नव्हते.

ज्या सिंहासनाचे वसईतील राज्य असे संपले, ते पुढे लिस्बनमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी उलथून पडले. राजा दुसरा मानुएल देश सोडून गेला आणि प्रजासत्ताक घोषित झाले. त्यामुळे गोव्यातील हिंदूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले. वसई तेव्हा इंग्रजी अमलात होती. परंतु तेथील पुष्कळ चर्चे १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात मोडत, आणि त्या धर्मप्रांताचे आश्रयदातृत्व पोर्तुगीज राजमुकुटाकडे होते. मुकुट गेला तरी हा हक्क प्रजासत्ताकाकडे चालत राहिला. १९२८ मध्ये व्हॅटिकन व पोर्तुगाल यांच्यात करार होऊन दमणचा धर्मप्रांत विसर्जित झाला आणि वसईची ती चर्चे मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. या वेळीही वसईकरांस कोणी विचारले नाही.