कंट्रोलरचा सातबारा

यूएसबीला पेनड्राइव्ह जोडला की तो आपली ओळख स्वतः सांगतो. चिपच्या पोटातला आय-टू-सी कंट्रोलर मात्र मुका असतो. तो कोणत्या पत्त्यावर आहे, हे लिनक्सच्या कर्नलला कुणीतरी लिहून द्यावे लागते. ही नोंदवही म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’.

आपल्याकडचा सातबारा आठवा. गट क्रमांक आणि क्षेत्र असते, तसा इथे कंट्रोलरचा पत्ता आणि त्याने व्यापलेली जागा. शिवाय ‘कम्पॅटिबल’ या रकान्यात त्याची जात. शेत कसायचे कसे, हे सातबारा सांगत नाही; ते ड्रायव्हरचे काम.

पूर्वी एआरएम बोर्डांची ही वर्णने कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असत. २०११ मध्ये लायनस टॉरवाल्ड्स या पसाऱ्यावर उखडले आणि नोंदी वेगळ्या होऊ लागल्या.

अकोल्याजवळ कपाशीत ओलावा मोजणारा सेन्सर लावला, तेव्हा मी तीन दिवस त्यालाच दोष देत होतो. नोंदीत कंट्रोलरची स्थिती ‘डिसेबल्ड’ होती! तिथे ‘ओके’ लिहिताच आकडे आले.

ती नोंद उघडी होती म्हणून दुरुस्त करता आली. घरातल्या जुन्या टॅब्लेटची नोंद कंपनीने दिलेलीच नाही. बॅटरी, पडदा ठणठणीत, पण नवे लिनक्स चढत नाही. पत्ते चाचपत मीच ती लिहितो आहे. टचस्क्रीनचा कंट्रोलर अजून सापडायचा आहे.