जट देवीची की गुंत्याची?

श्रावणझडीत धानाची रोवणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकून परे लावणाऱ्या बाया दिवे लागणीला घरी येतात, ओले लुगडे पिळतात आणि चुलीपुढे बसून केस मोकळे सोडतात. घटकाभरात केस सुकतात. पण एखादी केस सोडत नाही. डोईवरचा पदर घट्ट ओढून ती कोपऱ्यात बसते. पदराखाली मनगटाएवढी जाड जट असते. ती आषाढात भिजते आणि दसऱ्यापर्यंत आतून ओलीच राहते. वास येतो, खाज सुटते, मान भरून येते. तरी ती कोणाला सांगत नाही. सांगितले तर लोक हात जोडतील नाहीतर लांब बसतील. औषध मात्र कोणी सांगणार नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत जटा काही नव्या नाहीत. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. झरपट नदीवर आंघोळ करून दर्शनाला जाणाऱ्यांत मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आलेली माणसे असतात, केस वाढवलेले पोतराज असतात, जटा मिरवणाऱ्या बायाही असतात. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जावे तर तिथे जटाधारी गोसावी भेटतात. ज्याने आपल्या मनाने जट राखली, त्याची गोष्ट निराळी. पण घरातल्या लेकीसुनेच्या डोक्यात न मागता जट होते आणि भीतीपोटी ती वाढत राहते, तेव्हा घरातल्या माणसांनी थोडा विचार केला पाहिजे.

जट होते कशी?

बैलाच्या शेपटीच्या गोंड्यात गोखरू अडकले की काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आधी दोन केस गुंततात. मग त्यात शेण-माती बसते आणि महिन्याभरात दगडासारखी गुठळी होते. तिला कोणी दैवी म्हणत नाही. आपण कात्री घेतो आणि कापून टाकतो. माणसाच्या डोक्यावरही हेच घडते.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले पन्नास ते शंभर रोज आपोआप गळतात. विंचरले की ते फणीत येतात. विंचरलेच नाही, तर ते बाकीच्या केसांतच अडकून पडतात. केसाच्या अंगावर माशासारखे बारीक खवले असतात. ते एकमेकांत रुततात. त्यावर तेल, धूळ, घाम आणि उवा-लिखांचा चिकटा बसला की गुंता घट्ट होत जातो.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-चार महिन्यांनी केस जास्तच गळतात. आपल्या भागात हिवतापाने अंथरूण धरणे काही नवे नाही. नेमक्या त्याच दिवसांत बाईच्या अंगात बसून विंचरण्याची ताकद नसते. कडेवर तान्हे असते, फणी फिरवणारे कोणी नसते. मग सुपारीएवढी गाठ दिसते. घरातली म्हातारी म्हणते, “देवी आली, फणी लावू नको.” गाठीला हळद-कुंकू लागते, तेल लागते. विंचरणे बंद झाले की दुसरी गाठ होणारच. म्हणजे जट आली म्हणून विंचरणे थांबले, असे आपण समजतो. खरे तर विंचरणे थांबले म्हणून जट आली.

“पण ती कमरेखाली गेली, साधे केस एवढे वाढतात का?” असे कोणी विचारील. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे सात वर्षांत सुमारे एक मीटर. साधा केस काही वर्षांनी गळून जातो, म्हणून लांबीला मर्यादा पडते. जटेतला केस मुळातून सुटला तरी बाहेर पडत नाही. जुना तिथेच राहतो, नवा त्याला येऊन चिकटतो. म्हणून जट लांब होते, जाड होते आणि जड होते.

ही भीती आपलीच नाही

आपल्याकडेच हे खूळ आहे असे समजून खाली मान घालायचे कारण नाही. युरोपातल्या पोलंड देशात शेकडो वर्षे लोक जट कापायला भीत. रोग जटेतून बाहेर पडतो, कापली तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल, अशी समजूत होती. डॉक्टरी भाषेत जटेला आजही ‘प्लिका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची जट, म्हणतात. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह शहरातले डॉक्टर योझेफ डीटल यांनी अभ्यास करून सांगितले की हा देवाचा कोप नव्हे, अस्वच्छतेतून झालेला गुंता आहे. लोकांनी हळूहळू जटा कापल्या आणि तिथली ती भीती ओसरली.

दुसरीकडे वेस्ट इंडिजच्या जमैका बेटावर १९३० नंतर उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथाचे लोक श्रद्धेने जटा राखतात. त्यांचे केस मुळात कुरळे असल्याने लवकर वळतात. आता आपल्या शहरांतली काही तरुण मुलेही हौसेने जटा वळून घेतात. ती मुले त्या धुतात, सुकवतात आणि नको वाटले की कापतात. आपल्या गावच्या बाईला हे ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

राखायचीच असेल तर

कोणी आपल्या इच्छेने जट राखत असेल, तर तिची निगा ठेवावी. आठ-दहा दिवसांनी रिठा किंवा शिकेकाईच्या गाळलेल्या पाण्याने धुवावी. चोथा आत राहू देऊ नये. नंतर भरपूर पाणी ओतून, पिळून, उन्हात आतपर्यंत सुकवावी. ओली जट कधी बांधू नये. हळद-कुंकू आणि तेलाचे लेप लावू नयेत, त्याने मळ धरतो. शेजारच्या जटा मुळाशी एकमेकींत मिसळू लागल्या तर बोटांनी वेगळ्या कराव्यात, नाहीतर सगळ्या डोक्याचा एकच गोळा होतो. केस बाजूला करून कातडी पाहावी. लाली, पू किंवा जखम दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सरपणाची मोळी किंवा तेंदूपत्त्याचे ओझे जटेवर ठेवू नये, मुळे ओढली जातात आणि मान धरते. जड झालेली जट खालून कमी करावी.

उवांसाठी मात्र घरचे भलते उपाय नकोत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. रॉकेल लावून चुलीजवळ जाणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि कपाशीवर फवारायचे औषध डोक्याला कधीही लावू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. उवांचे औषध आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यावे.

सोडवायची असेल तर

गाठ नवी असेल तर कात्रीही लागत नाही. रात्री खोबरेल तेल जिरवावे. सकाळी टोकाकडून मुळाकडे, एकेक बट बोटांनी सुटी करावी आणि मग मोठ्या दातांची फणी घ्यावी. एका बैठकीत होणार नाही. चार दिवस लागले तर लागू द्यावेत. लेक आश्रमशाळेतून सुटीला घरी आली की आईने आधी तिचे केस उकलून पाहावेत.

जुनी, नमद्यासारखी झालेली जट सुटत नाही, कापावीच लागते. कात्रीने, कातडी सांभाळून, सावकाश. कापताना दुखत नाही, कारण केसाला संवेदना नसते. मग डोके धुऊन स्वच्छ करावे, जखम असेल तर डॉक्टरला दाखवावी.

एक पथ्य मात्र पाळा. बाईच्या मनाविरुद्ध, झोपेत किंवा धाकाने जट कापू नका. आधी तिच्याशी बोला, मग सासूशी, नवऱ्याशी. आशाताईंना सोबत घ्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायांना असे जटेतून मोकळे केले आहे.

“काही वाईट झाले तर?”

खरी अडचण इथे आहे. कापल्यावर नातवंड आजारी पडले, बैल मेला, धान बुडाले, तर बोट सुनेकडे जाईल. पण वर्षभरात कोणाच्या घरी आजारपण येत नाही? जट होती तेव्हाही ताप येत होता, तेव्हाही पाऊस दडी मारत होता. त्या वेळी कोणी जटेला दोष दिला नाही. मग आज कात्रीला का द्यावा?

या भीतीने मुलींचे आयुष्य उद्ध्वस्त झालेले आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकच्या सीमाभागात डोक्यात जट दिसली म्हणून पोरीला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडण्याची चाल होती. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने देवदासी सोडणे गुन्हा ठरवले आहे. भीती घालून अघोरी उपाय करणाऱ्या भोंदूंसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

महाकालीची भक्ती कोणी सोडा म्हणत नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज याच विदर्भाचे. देव मानावा आणि अंगण-अंग स्वच्छ ठेवावे, हेच त्यांनी आयुष्यभर सांगितले. आई आपल्या लेकीच्या मानेवर ओझे कशाला ठेवील?

तेव्हा यंदा रोवणी आटोपली की, घरात कोणी पदर घट्ट ओढून बसत असेल, तर तिच्याजवळ बसा. तिचे डोके दुखते का, एवढेच आधी विचारा. फणी आणि कात्रीचे नंतर पाहता येईल.