बंबाची तोटी आणि टाकणखार

मागच्या थंडीत आजीचा तांब्याचा बंब मीच पाणी न भरता पेटवला. तोटीची झाळ वितळली आणि तोटी हातात आली. कथील-शिशाची झाळ 200 अंशांच्या आसपासच वितळते. पुन्हा तीच लावली, तर पुढच्या विसरभोळ्याच्या हातून पुन्हा तेच होणार. म्हणून ब्रेझिंग शिकायचं ठरवलं. बी.ई. असलो तरी माझा हात कीबोर्डवरचा!

आमच्या गल्लीतल्या एसीवाल्या भैयांनी दोन रविवार शिकवलं. तांब्याच्या दोन नळ्या, फॉस्फरसवाली कांडी आणि फ्लक्स अजिबात नाही. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर धरतो, तो कांडीतला फॉस्फरसच काढून टाकतो. "आग पाइप को दो, कांडी को नहीं," हे भैयांनी तीनदा तरी सांगितलं. सांधा लाल झाला की कांडी नुसती टेकवायची, धातू आपणहून फटीत ओढला जातो. (लोखंडाला मात्र ही कांडी लावू नका, सांधा ठिसूळ होतो.)

मग फुशारकीने तोटी जोडायला घेतली, तर कांडीचे गोळे होऊन घरंगळले. तोटी पितळेची! पितळेत जस्त असतं, त्याच्या ऑक्साइडपुढे फॉस्फरसचं चालत नाही. इथे फ्लक्स हवाच.

पण कुठला? कांडी वाहायच्या आधी फ्लक्स वितळलेला हवा. चांदीची कांडी 700 अंशांच्या आसपास वाहते, तिला फ्लोराइडवाली पेस्ट लागते. तिचा धूर वाईट आणि कांडीही महाग. माझी कांडी 800 च्या सुमाराला वाहते. लष्करच्या सराफ्यात सोनार डाक देताना सुहागा वापरतात, म्हणजे आपला टाकणखार. तो 743 ला वितळतो. काम झालं!

पाण्यात कालवून लावला. आधी लाहीसारखा फुगला, मग काचेसारखा पारदर्शक झाला. तीच कांडी टेकवायची खूण. पितळ 900 च्या पुढेमागे वितळू लागतं, म्हणून ज्योत जास्त करून तांब्यावरच धरली.

गार झाल्यावर पाणी भरलं, एक थेंबही नाही. पण भैयांनी आधी गरम पाण्याने आणि ब्रशने तो काचेचा थर काढायला लावला, आणि खालचं बारीक भोक दिसलं. पुन्हा तापवलं, पुन्हा धुतलं.

धनत्रयोदशीला बंब पेटवायला बसलो. आजी दारातूनच म्हणाली, "पाणी भरलंस ना रे आधी?"