तंबोऱ्याची दांडी

गाण्याच्या मैफलीत गायकाच्या मागे बसून कोणीतरी शांतपणे तंबोरा छेडत असते. श्रोत्यांचे लक्ष गायकाकडे असते, तंबोऱ्याकडे क्वचितच कोणी पाहतो. पण तोच तंबोरा बेसूर झाला, तर मोठा गायकही थांबतो. असे तंबोरे ज्या गावात तयार होतात, त्या मिरजेच्या एका कारखान्यात आज आपण एक दिवस घालवू.

मिरज हे सांगली जिल्ह्यातील जुने शहर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास येथे फरीदसाहेब नावाचे एक शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, ती चकचकीत करणारा कारागीर. इंग्रजी अमलात तलवारींचे काम कमी झाले आणि हाताला दुसरे काम शोधणे भाग पडले. फरीदसाहेब वाद्ये दुरुस्त करू लागले, मग स्वतः घडवू लागले. त्यांच्या घराण्याला पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव मिळाले आणि त्या गल्लीलाही तेच नाव पडले. ‘सतार’ हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. फारसीतील ‘सेहतार’, म्हणजे तीन तारांचे वाद्य, यावरून तो आला आहे.

कारखाना म्हटले की यंत्रांचा खडखडाट डोळ्यांपुढे येतो. येथे तसे काही नाही. एक लांबट खोली, जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेले अर्धवट तंबोरे. एक तंबोरा एका दिवसात होत नाही. म्हणून सकाळी कामावर बसलेल्या चौघांच्या हातांत चार निरनिराळ्या अवस्थांतील वाद्ये असतात. कोणी भोपळा साफ करतो, कोणी खुंट्या घासतो. आपण दांडी करणाऱ्या उस्तादांजवळ बसू.

दांडी करण्याआधी ते एकच गोष्ट विचारतात : गाणारा कोण आणि त्याची पट्टी कोणती? पुरुष साधारणपणे काळी एकच्या आसपास गातात, तर स्त्रिया काळी चारच्या आसपास. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा मोठा आणि दांडी लांब, जनानी तंबोरा आखूड. हा केवळ रिवाज नाही. काळी एकवर लावलेली तार काळी चारवर न्यायची, म्हणजे तिची कंपने दीडपट करायची. आणि त्यासाठी तारेवरचा ताण सव्वादोन पट वाढवावा लागतो. लांब दांडीवर हा खटाटोप केला, तर एक तर तार तुटेल किंवा दांडी वाकेल. आखूड तारेला तोच स्वर कमी ताणात मिळतो. म्हणून ज्याचा गळा, त्याच्या मापाची दांडी.

लाकूड तूनचे असते. ते हलके, तरी टिकाऊ. पण ओले असेल, तर ते घेऊन उपयोग नाही. ओले लाकूड वाळताना पिळते आणि मग कितीही कसबी हात असला तरी ते सरळ होत नाही. उस्ताद तुकडा उचलतात, बोटाने ठोकून पाहतात, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर टाकतात. जरा पीळ दिसला की तो बाजूला. गिऱ्हाईक खोळंबले असले तरी बाजूलाच! हा कठोरपणा मला योग्य वाटतो, कारण दांडीतला दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. तो वर्षा-दोन वर्षांनी, गाणे ऐन रंगात आले असताना दिसतो.

पसंत पडलेल्या लाकडाची पाठ रंध्याने गोल करतात आणि आतून ते पटाशीने कोरून पोकळ करतात. येथे फार सांभाळावे लागते. भिंत जाड राहिली तर वाद्य जड आणि मुके होते. फार पातळ झाली, तर चार तारांचा ओढा तिला सोसवत नाही. तारा वाजत नसल्या तरी रात्रंदिवस दांडीला ओढतच असतात, हे विसरून चालत नाही. कोरून झाले की वरून सपाट पट्टी चिकटवून पोकळी बंद करतात.

भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हा खाण्याचा भोपळा नव्हे, तो कडू असतो. त्याचे तोंड कापून त्यावर तबली बसवतात. भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये लाकडी गळा असतो. हा सांधा तिरका झाला, तर तारा घोडीच्या मधोमध येत नाहीत. म्हणून दांडी लावताना खुंट्यांपासून घोडीपर्यंत दोरी धरून पुन्हा पुन्हा पाहतात.

शेवटचे काम जवारीचे, आणि ते सर्वांत अवघड. घोडीचा माथा धारदार नसतो, किंचित उतरता असतो. तार त्याला हलकासा स्पर्श करीत थरथरते. तारेखाली सुताचा धागा सरकवला की एका जागी आवाज एकदम खुलतो आणि एका स्वरातून अनेक स्वर ऐकू येऊ लागतात. तार जेथे छेडावी, तेथे स्थिर राहणारे उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, याकडे १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. दांडी केसभर वाकली तरी घोडीवरचा तारेचा कोन बदलतो आणि जवारी जाते. सकाळी बाजूला टाकलेल्या त्या लाकडाचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर येथील मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाण्याची मैफल होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे बटण दाबले की वाजणारा विजेचा तंबोरा आता अनेक घरांत आला आहे. त्याला ना दांडी, ना भोपळा. तो स्वस्त आहे, प्रवासात सोयीचा आहे आणि तो लावावाही लागत नाही.

संध्याकाळी उस्ताद कानस खाली ठेवतात. समोर एक जुना तंबोरा दुरुस्तीला आलेला असतो. तारांनी घोडीवर बारीक खाचा पाडलेल्या असतात. उद्या त्या घासून काढायच्या आणि जवारी नव्याने लावायची.