गुरुत्व, वजन आणि वस्तुमान

‘गुरुत्व’ म्हणजे जडपणा. वैशेषिक दर्शनाने तो पदार्थाचा गुण व पतनाचे कारण मानला. पुढे १६८७ साली न्यूटनने हे आकर्षण परस्पर असल्याचे प्रतिपादिले. पृथ्वी फळास ओढते, तसेच फळही पृथ्वीस ओढते. व्यवहारात ‘वजन’ हा शब्द दोन अर्थी योजिला जातो. वस्तुतः द्रव्याचा संचय ते वस्तुमान व त्यावरील ओढ ते वजन. चंद्रावर वजन सुमारे एकषष्ठांश होते, वस्तुमान मात्र तेच राहते. जड वस्तूवर ओढ अधिक, परंतु तिला गती देण्यास बलही त्याच प्रमाणात अधिक लागते. म्हणूनच १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत निर्वात चंद्रावर एकदम सोडलेले हातोडा व पीस बरोबरच खाली टेकले. ‘गुरु’ या शब्दाने सुचविलेली त्वरा निसर्गास मान्य नाही.