मोडलेला सराव आणि क्लबचा क्यू

कोल्हापुरातील मंगळवार पेठ ही तालमींची, कुस्तीची आणि फुटबॉलच्या ईर्ष्येची पेठ म्हणून ओळखली जाते. अशा वस्तीत पूल हा खेळ उशिरा आलेला पाहुणा ठरतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयीच्या बहुतेक समजुती इतर ठिकाणांहून उसन्या घेतलेल्या दिसतात : ताकदीची कल्पना आखाड्यातून येते, नेमाची कॅरमवरून, तर साधनांच्या महतीची टीव्हीवरील सामन्यांवरून. शिक्षण, नोकरी वा संसार यांमुळे काही वर्षे टेबलापासून दूर राहिलेला खेळाडू पूलच्या हॉलमध्ये परततो, तेव्हा त्याच्या आड येतात त्या याच समजुती. स्वतःचा क्यू, म्हणजे बॉल मारण्याची काठी, नसणे ही अडचण त्यांच्यापुढे किरकोळ आहे.

हा खेळ मुळातच परका, साहेबी आणि श्रीमंतांचा, या समजाचा निकाल थोडक्यात लावता येतो. पूलचे जवळचे भावंड असलेला स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये आकाराला आला असे मानले जाते, आणि 1922 मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले.

अधिक खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे ज्याला कॅरम येतो त्याला पूल येतोच, हा. त्यात अर्धे तथ्य आहे, आणि अर्धे तथ्य असलेला समज पुसणे अधिक कठीण असते. सोंगटीला कोठे स्पर्श झाला म्हणजे ती कोणत्या दिशेने जाईल, हे ओळखण्याची नजर दोन्ही खेळांत एकच असते. स्पर्शाच्या क्षणी दोन्ही गोलांच्या केंद्रांना जोडणारी रेषा ज्या दिशेला रोखलेली असेल, साधारणपणे त्याच दिशेला सोंगटी किंवा बॉल निघतो. मात्र त्यानंतर मारणाऱ्याचे, म्हणजे कॅरममधील स्ट्रायकरचे व पूलमधील पांढऱ्या बॉलचे, काय होते याबाबत दोन्ही खेळांचे मार्ग वेगळे होतात. नियमानुसार स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत असू शकतो आणि सोंगटी 5 ते 5.5 ग्रॅमची असते. म्हणजे मारणारा मार खाणाऱ्याच्या जवळपास तिप्पट जड असतो, आणि त्यामुळे समोरासमोर टक्कर झाली तरी तो पुढे सरकतच राहतो. पूलमध्ये पांढरा आणि रंगीत बॉल सारख्याच आकाराचे, म्हणजे 57.15 मिलिमीटर व्यासाचे, आणि जवळपास सारख्याच वजनाचे, म्हणजे 156 ते 170 ग्रॅमच्या दरम्यानचे असतात. म्हणून न गडगडता निव्वळ घसरत आलेला पांढरा बॉल सरळ टक्कर होताच आपली जवळजवळ सगळी गती समोरच्याला देऊन जागच्या जागी थांबतो. त्यातच कॅरमचे गुळगुळीत लाकूड आणि त्यावरची पावडर घर्षण कमी करतात व सोंगटी घसरतच राहते, तर पूलचे लोकरी कापड घसरणाऱ्या बॉलला हळूहळू गडगडायला लावते. कॅरममध्ये तरबेज असलेल्याने टाकलेला बॉल पॉकेटमध्ये जातो आणि पांढरा मात्र भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो, त्याचे कारण नेम चुकला हे नसून गडगडण्याचा हिशेब कॅरमने त्याला कधी शिकवलेलाच नव्हता, हे आहे.

हा हिशेब दोन कोनांत बसवता येतो. पांढरा बॉल घसरत असताना तिरकस टक्कर झाली, तर तो रंगीत बॉलच्या मार्गाशी काटकोन करून निघतो. तोच गडगडत आला असेल आणि टक्कर फार जाड नसेल की फार पातळही नसेल, तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे 30 अंश वळतो. येथे जाड म्हणजे बॉलचा बहुतेक भाग झाकणारी टक्कर, आणि पातळ म्हणजे कडेला ओझरता स्पर्श. बॉल गडगडता की घसरता हे खेळाडूच्या हातात असते. मध्यबिंदूच्या वर, त्रिज्येच्या दोन पंचमांश उंचीवर, म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर वर मारलेला बॉल पहिल्या क्षणापासून गडगडतो. मध्यावर मारलेला आधी घसरतो आणि अंतर कापता कापता गडगडू लागतो. म्हणूनच दूरच्या बॉलवर पांढरा थांबवायचा असेल, तर त्याला मध्याच्या किंचित खाली मारावे लागते. साइड दिल्याशिवाय, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला मारून बॉलला आडवी फिरकी दिल्याशिवाय, पुढच्या बॉलसाठी चांगली जागा मिळत नाही हा समज या दोन कोनांपुढे टिकत नाही. उलट साइड दिली की पांढरा बॉल क्यूच्या रेषेवरून फिरकीच्या विरुद्ध बाजूला थोडा सटकतो, आणि क्यूचे टोक जितके जड तितके हे सटकणे अधिक असते. हॉलमधील जाड टोकाच्या क्यूने, तेही खंडानंतर, साइड मारणे म्हणजे एका अंदाजात दुसऱ्या अंदाजाची भर घालणे होय.

महागड्या क्यूविषयीची समजूत येथे तपासून पाहण्याजोगी आहे. टोकाकडे कमी वजनाचा क्यू हे सटकणे कमी करतो, हे खरे. परंतु साइड न देता मारलेल्या बॉलला त्याने विशेष फरक पडत नाही, आणि परतणाऱ्याचे पहिले काही आठवडे अशाच बॉलांवर जायला हवेत. पूलच्या क्यूचे वजन साधारणपणे 510 ते 595 ग्रॅम असते आणि हॉलमधील बहुतेक क्यू या पट्ट्यातच येतात. क्यू टेबलावर गडगडवून तो सरळ आहे की नाही हे पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली, तरी निमुळत्या लाकडाच्या बाबतीत ती फसवी ठरते. त्यापेक्षा क्यूची मूठ डोळ्याजवळ धरून, तो हळूहळू फिरवत, त्याच्या लांबीवरून टोकाकडे पाहणे अधिक भरवशाचे असते. याहून महत्त्वाची असते टिप, म्हणजे टोकावर चिकटवलेली चामड्याची चकती. ती चपटी झालेली, आरशासारखी चकाकणारी किंवा कडेने सुटू लागलेली असेल, तर क्यू कितीही सरळ असला तरी तो परत स्टँडमध्ये ठेवावा, आणि जिचा घुमट आजच्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेसारखा गोलावलेला आहे अशी टिप निवडावी. टिपेला लावायचा निळा चौकोन हा शाळेतला खडू असल्याचा समजही चुकीचा आहे. 1897 मध्ये अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी पेटंट घेतलेल्या मिश्रणापासून त्याची सध्याची जात सुरू झाली. त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखे खरखरीत कण असतात, व टिप बॉलवरून घसरू न देणे हेच त्याचे काम असते. चौकोनात खड्डा पडेपर्यंत टिप गरागरा फिरवण्याची सवय सर्रास दिसते, पण तिने टिपेची कड कोरडीच राहते. प्रत्येक फटक्याआधी कडेपर्यंत हलका हात फिरवणे पुरते.

ताकदीचा समज तर या पेठेच्या अंगवळणीच पडलेला असावा. बॉल मागे खेचायचा, म्हणजे टक्कर होताच पांढरा मागे फिरवायचा, तर जोरात हाणले पाहिजे असे मानले जाते. प्रत्यक्षात बॉल मागे फिरतो तो खालून मारल्याने मिळालेल्या उलट फिरकीमुळे, आणि ती टक्कर होईपर्यंत टिकून राहणे एवढेच आवश्यक असते. क्यू शक्य तितका आडवा ठेवून, पुरेसे खाली आणि न दचकता मारलेला मध्यम फटका ते काम करतो. जोराच्या नादात खांदा हलतो, टिप ठरलेल्या बिंदूपासून ढळते आणि फटका निसटतो. त्याचप्रमाणे फटक्यानंतर क्यू पुढे जाऊ दिल्याने टिप बॉलला अधिक वेळ ढकलत राहते, हेही खरे नाही. टिप आणि बॉल यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरता असतो. क्यू पुढे जाऊ देण्याचा लाभ इतकाच की हात आधीच आखडला गेला नाही, याची त्यातून खात्री पटते.

आता खंडाविषयी. काही वर्षांत हात विसरतो, सारे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते, ही भीती अवाजवी आहे, आणि तिच्या उलट, एकदा आलेला खेळ जात नाही ही खात्रीही तितकीच अवाजवी आहे. शरीराने कमावलेल्या हालचालीचा घाट दीर्घकाळ टिकतो. बोथट होतो तो वेगाचा अंदाज आणि फटक्याच्या क्षणी धड स्थिर ठेवण्याची शिस्त. हालचालींच्या शास्त्रात खंडानंतरच्या सुरुवातीच्या अशा घसरणीची स्वतंत्र नोंद आहे, आणि ती थोड्याच सरावात बरीचशी भरून निघते असे आढळते. लाल मातीपासून दूर राहिलेला मल्ल परतल्यावर थेट जोडीची कुस्ती धरत नाही, आधी जोर-बैठका काढतो. पूलमध्ये जोर-बैठकांची जागा थांबत्या बॉलला आहे, म्हणजे एका हाताच्या अंतरावरचा सरळ बॉल टाकून पांढरा तेथेच थांबवणे, मग अंतर वाढवत नेणे. त्याच्या जोडीला, एकही बॉल न टाकता, पांढरा समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या आतल्या रबरी काठावर, आदळून परत जवळच्या कुशनपाशी थांबेल असा नेमका वेग साधण्याचा सराव करावा. गेलेला अंदाज यानेच सर्वांत लवकर परत येतो.

हा अंदाज टेबलागणिक आणि ऋतूगणिक बदलतो, याचा मात्र विसर पडतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कापड हवेतला ओलावा धरते, बॉल जड चालतो आणि कुशनवरून परतणारा कोनही बदलतो. मे महिन्यातला वेग जुलैत अपुरा पडला तर दोष हाताला देण्याचे कारण नाही. हॉलमधील पांढरा बॉल इतरांपेक्षा अधिक मार खाऊन झिजलेला असतो, आणि तो हलका झाला की सहज मागे येतो. त्यावरून आपली खेच सुधारली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मळकट बॉल एकमेकांना अधिक घासतात व तिरकस टक्करीत रंगीत बॉलला मार्गावरून किंचित ओढतात, म्हणून खेळण्याआधी कोरड्या फडक्याने ते पुसून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

नियमांबाबत एवढेच, की फाउलनंतर पांढरा बॉल ठरावीक रेषेमागेच ठेवायचा हा अनेक हॉलमधील रिवाज एट-बॉल या पूलच्या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांशी जुळत नाही. खेळ सुरू झाल्यानंतरच्या सर्वसाधारण फाउलला प्रतिस्पर्ध्याला तो टेबलावर कोठेही ठेवता येतो, आणि पांढऱ्याचा रंगीत बॉलला स्पर्श झाल्यानंतर एकही बॉल पॉकेटमध्ये गेला नाही वा कोणताच बॉल कुशनला लागला नाही, तर तोही फाउल असतो. कोणत्या नियमांनी खेळायचे, हे ब्रेकच्या, म्हणजे डाव उघडणाऱ्या फटक्याच्या, आधीच समोरच्याशी ठरवून घ्यावे. खर्चाचा प्रश्न उरलाच, तर नव्या क्यूचे पैसे आधी टेबलाच्या तासांवर घालावेत आणि थांबता बॉल लांबूनही हमखास जमू लागल्यावरच दुकानाकडे वळावे.